मनसरला डोंगरभर मँगनीज, अन् काटोलच्या संत्र्याला चिमूटभर मिळेना

प्रकरण एका संत्र्याच्या बागेचं आहे, काटोलच्या अलीकडे, नागपूरहून तासा-दीड तासावर. बाग माझ्या मित्राच्या वडिलांची, आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. झाडं बारा-तेरा वर्षांची, जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेली, अंबिया (म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) बहार घेतात, ठिबक आहे, जमीन वरून काळीभोर पण दोन फूट खणलं की पांढऱ्या चुनखडीचे खडे लागतात. मी शेतकरी नाही, अकरावी-बारावीला बायो शिकवतो, त्यामुळे माझा ओढा पानाच्या आत काय चाललंय तिकडे जास्त आहे आणि भाव, बाजार, खर्च यातलं मी काही सांगणार नाही.

पोळ्याच्या सुमारास फोन आला. "मास्तर, पानं पिवळी पडून राह्यली न, अन् शिरा हिरव्याच्या हिरव्या. हे काय लफडं हाय?" पाठोपाठ मित्राने व्हॉट्सॲपवर वीसेक फोटो टाकले, त्यातले अर्धे हललेले आणि अर्ध्यात काकाजींचा अंगठा.

फोनच्या आधीचा इतिहास असा. उन्हाळ्यात पानं जरा फिकी वाटली म्हणून तालुक्याच्या एका कृषी केंद्रात दाखवली, तिथे काउंटरवरच निदान झालं, लोह कमी आहे. लालसर चिलेटेड आयर्न (मातीत विरघळलेलं राहावं असं बांधलेलं लोह) ठिबकमधून सोडलं, फरक नाही म्हणून परत सोडलं. मग कुणीतरी झिंक सांगितलं, त्याचा एक हात मारला. पावसाळ्यातली पालवी आली तीही फिकीच, उलट आधीपेक्षा जास्त. शेवटी मित्राने पानं आणि माती एका लॅबमध्ये तपासायला दिली आणि रिपोर्ट आला तर नायट्रोजन ठीक, लोह भरपूर, झिंक ठीक, मँगनीज चांगलं पुरेसं. मातीचा सामू (pH) 8.2, चुना जास्त. म्हणजे कागदावर झाड ठणठणीत आणि बागेत उभं राहिलं की पिवळं. काकाजींचं म्हणणं पडलं की लॅबवाल्यांनी दुसऱ्याचीच पानं तपासली.

मी रविवारी गेलो. फोटोत जे कळत नव्हतं ते हातात पान घेतल्यावर लगेच दिसलं. पानाचा आकार एकदम नॉर्मल, लांबी-रुंदी निरोगी पानाइतकीच. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी गडद हिरवा पट्टा, मोठ्या आडव्या शिरांच्या कडेनेही तसाच, आणि दोन शिरांच्या मधली जागा फिकट पोपटी. पिवळीधमक नाही हं, पोपटीच. हिरव्यातून पोपटीत जाताना कडा धूसर. मधल्या शिरेवर पान दुमडलं तर दोन्ही बाजूंची नक्षी एकमेकीवर जवळजवळ बसते.

हे दुमडून बघणं महत्त्वाचं आहे, कारण संत्र्याचं पान पिवळं पडलं की विदर्भात पहिली भीती ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाची वाटते, आणि ग्रीनिंगमध्ये ठिपके-पट्टे शिरेच्या दोन बाजूंना वेगवेगळे पडतात, जुळत नाहीत. झिंकची कमतरता असती तर नवी पानं बारीक, अरुंद, टोकदार झाली असती आणि शेंड्याला झुपका आला असता. लोहाची असती तर कोवळ्या पानावर अगदी बारीकसारीक शिरांचं हिरवं जाळं दिसलं असतं आणि बाकी पान पिवळट-पांढरं. डिंक्या (खोड-मुळं सडवणारा रोग) असता तर सहसा शिराच आधी पिवळ्या पडतात आणि खोडाला डिंक दिसतो. आपलं पान यातल्या कशातच नीट बसेना. शिवाय नक्षी ठळक होती ती झाडाच्या उत्तरेच्या, सावलीच्या बाजूला, आणि लिंबूवर्गीय झाडांचं काम करणारे जुने लोक सांगतात की मँगनीजची नक्षी सावलीतच नीट वाचता येते.

आणखी एक गोष्ट मित्राने सहज बोलता बोलता सांगितली. बागेच्या खालच्या अंगाला नाला आहे, पावसाळ्यात तिथल्या ओळीत चार-आठ दिवस पाणी साचतं, आणि त्या ओळीची पानं हिरवीगार आहेत. खरं तर संत्र्याला पाणी साचणं म्हणजे मुळं सडायला आमंत्रण, मग तीच ओळ बरी कशी? ही गोष्ट मी डोक्यात ठेवली, पुढे येते.

आता जरा पानाच्या आत जाऊ, कारण मला मँगनीजचाच संशय का आला ते त्याशिवाय कळायचं नाही.

वर्गात दरवर्षी विचारतो, झाड ऑक्सिजन सोडतं तो येतो कुठून? अर्धा वर्ग म्हणतो कार्बन डायऑक्साइडमधून. तसं नाही, तो पाण्यातून येतो. 1941 साली कॅलिफोर्नियात बर्कलीला रुबेन, केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-18 असलेलं पाणी वापरून हे दाखवलं होतं, शैवालाने सोडलेल्या वायूतलं जड ऑक्सिजनचं प्रमाण पाण्याशी जुळलं. पाण्याचे दोन रेणू फुटतात, त्यातून ऑक्सिजनचा एक रेणू, चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन निघतात. इलेक्ट्रॉन पुढे साखर बनवायच्या कामाला जातात, ऑक्सिजन झाडाच्या दृष्टीने उरलंसुरलं, त्यावर आपण जगतो.

पण पाणी फोडणं सोपं काम नाही बरं का. पाणी इतकं स्थिर आहे की नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात टाकं भरून ठेवलं तरी ते वाफ होऊन उडेल, फुटणार नाही. नुसत्या प्रकाशाने जमत नाही, प्रकाश पकडून पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेणारं काहीतरी लागतं. पानात हे काम करणाऱ्या यंत्रणेला फोटोसिस्टिम-2 म्हणतात. तिच्या मध्यभागी क्लोरोफिलची एक खास जोडगोळी आहे, पी-680. प्रकाश तिच्यापर्यंत पोचला की ती आपला एक इलेक्ट्रॉन पुढे देऊन टाकते आणि स्वतः कंगाल होते. कंगाल झालेलं पी-680 हे जीवसृष्टीत माहीत असलेल्या सगळ्यात जबरदस्त ऑक्सिडायझरपैकी एक, साधारण सव्वा व्होल्टचं. त्याला ताबडतोब इलेक्ट्रॉन पाहिजे असतो, कुणाचाही.

इथून पुढचा हिशोब किराणा दुकानाच्या उधारीसारखा चालतो. पी-680 शेजारच्या टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाकडून एक इलेक्ट्रॉन उसना घेतो. टायरोसिन तो पलीकडच्या मँगनीजच्या पुंजक्याकडून घेतं. पुंजका लगेच कुणाच्या दारात जात नाही, वहीत मांडून ठेवतो. एक उधारी, दोन, तीन, आणि चौथी झाली की पाण्याच्या दोन रेणूंकडून चारही इलेक्ट्रॉन एका दमात वसूल. वही कोरी, ऑक्सिजनचा रेणू सुटला, परत पहिल्यापासून सुरू.

चार होईपर्यंत थांबायचं कारण आहे. पाण्याकडून एकेक इलेक्ट्रॉन सुटा सुटा काढला तर मधल्यामध्ये हायड्रॉक्सिल रॅडिकल, हायड्रोजन पेरॉक्साइड असली डेंजर मंडळी तयार होतात, ती आसपासचं सगळं जाळत सुटतात. चार एकदम काढले की सरळ ऑक्सिजन.

हे चारचं गणित सापडलं कसं ते मला फार आवडतं. 1969 मध्ये फ्रान्सचे पिएर जोलिओ यांनी अंधारात ठेवलेल्या शैवालावर आणि क्लोरोप्लास्टवर (पानातल्या हरितकणांवर) प्रकाशाचे अगदी छोटे झटके एकामागून एक दिले आणि प्रत्येक झटक्याला किती ऑक्सिजन सुटतो ते मोजलं. पहिल्या झटक्याला जवळजवळ काही नाही, दुसऱ्याला किंचित, तिसऱ्याला एकदम उसळी, आणि मग दर चौथ्याला, म्हणजे सातव्याला, अकराव्याला. पुढच्याच वर्षी बेसेल कोक यांनी याचा अर्थ लावला की पुंजक्याच्या पायऱ्या आहेत, आणि अंधारात तो शून्यावर नाही तर एकाच्या पायरीवर थांबून बसतो, म्हणून पहिली उसळी चौथ्याऐवजी तिसऱ्याला. पुंजक्यात नेमकं काय कुठे आहे हे मात्र बऱ्याच उशिरा दिसलं. 2011 मध्ये जपानमधल्या शेन आणि कामिया यांच्या गटाने गरम झऱ्यातल्या सायनोबॅक्टेरियाचं फोटोसिस्टिम-2 स्फटिक करून 1.9 अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे अणूंच्या जागा ओळखता येतील इतक्या बारकाईने पाहिलं. चार मँगनीज, एक कॅल्शियम, पाच ऑक्सिजन. बस एवढंच.

लोह नाही, झिंक नाही, मॅग्नेशियम नाही. पाणी फोडायच्या जागी मँगनीज, आणि त्याला पर्याय सापडलेला नाही. गवताच्या पात्यापासून वडाच्या झाडापर्यंत आणि नागपूरच्या फुटाळा तलावातल्या हिरव्या शेवाळापर्यंत सगळीकडे हाच पुंजका.

आता मँगनीज कमी पडलं तर काय होतं बघा. पानावर ऊन पडायचं थांबत नाही. क्लोरोफिल प्रकाश पकडत राहतं, पी-680 कंगाल होत राहतं, पण मागून इलेक्ट्रॉन द्यायला कुणी नाही. मग ते आसपासच्यांचेच ओरबाडायला लागतं. फोटोसिस्टिममधलं डी-1 नावाचं प्रोटीन आधी खराब होतं. निरोगी पानातसुद्धा कडक उन्हात डी-1 सतत खराब होतं आणि सतत बदललं जातं, त्यात नवल नाही, पण दर वेळी नवीन बसवलं की मँगनीजचा पुंजकाही पुन्हा जुळवावा लागतो. मँगनीजच नसेल तर दुरुस्ती अर्धवट राहते. म्हणजे ज्या उन्हावर झाड जगतं तेच ऊन त्याला बाधायला लागतं. आणि हे पान पिवळं दिसायच्या आधीपासून चालू असतं, डोळ्याला कळेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

काकाजींना हे सगळं संध्याकाळी खाटेवर बसून सांगितलं तर ते म्हणाले, "पानात करंट बिरंट असते हे तुह्या पुस्तकात असन, मले दाखव." तर दाखवलं. चार हिरवी पानं खलबत्त्यात कुटली, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कालवली, फडक्यातून गाळून काचेच्या ग्लासात घेतली. हिरवागार काढा. मग मित्राकडे नोटा तपासायची निळी टॉर्च होती ती आणली, खोलीतला लाइट बंद केला आणि टॉर्च ग्लासावर मारली. हिरव्या काढ्यातून लालभडक उजेड यायला लागला, रक्तासारखा लाल. काकाजी दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग टॉर्च स्वतःच्या हातात घेऊन तीनदा चालू-बंद करून पाहिली. झालं असं की क्लोरोफिल अजूनही प्रकाश पकडतंय, पण पानातली यंत्रणा कुटून गेली, पकडलेली ऊर्जा द्यायला पुढे कुणी नाही, म्हणून तो प्रकाश लाल होऊन बाहेर पडतो. जिवंत पानात हा लाल उजेड जेमतेम शेकडा एक-दोन टक्के असतो, बाकीचा कामाला लागतो किंवा उष्णता होऊन जातो. (खिडकी उघडी ठेवून करा हे, रिमूव्हरचा वास डोक्यात जातो, आणि जवळ विडी-काडी नको.)

याच लाल उजेडावरून पानाची तब्येत मोजायची मशीन असते. रिसर्च करणाऱ्या एका ओळखीच्या मुलीने नंतर ती आणून दाखवली, पानाला चिमटा लावून वीसेक मिनिटं अंधार करायचा आणि मग प्रकाशाचा झटका देऊन, पकडलेल्या प्रकाशातला किती हिस्सा पान कामी लावू शकतं तो आकडा घ्यायचा. निरोगी पानाला आकडा 0.8 च्या थोडा वर येतो, नाल्याकाठच्या ओळीत तसाच आला, वरच्या ओळींत कमी. पण यावरून "मँगनीज" असं छापून येत नाही, उष्णतेने किंवा पाण्याच्या ताणानेही आकडा उतरतो. मी तरी याच्या जोरावर निदान केलं नसतं.

मुख्य अडचण होती तो रिपोर्ट. मँगनीज पुरेसं म्हणतोय, मग मी कोण मोठा लागून गेलो? इथे काकाजींच्या फवारणीच्या वहीने काम केलं. पावसाळ्यात फळगळ नको म्हणून त्यांनी मॅन्कोझेब मारलं होतं, आणि मित्राने पानं तोडली ती त्यानंतर लगेच. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मुळात मँगनीज आणि झिंकचंच संयुग आहे, त्यात साधारण पाचवा हिस्सा मँगनीज असतं. पान नुसतं पुसून वाळवून दळलं तर वर चिकटलेलं औषधही दळलं जाणार आणि मशीन सगळं मिळून मोजणार. त्यातलं थोडंफार पानाला लागू पडतही असेल, पण आत गेलेलं किती आणि वर बसलेलं किती हे त्या आकड्यातून कळत नाही. लॅबचा दोष म्हणता येत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि फॉर्मवर शेवटच्या फवारणीचा रकाना मी तरी पाहिला नाही.

परत नमुना काढला. फळ नसलेल्या फांद्या, शेंड्यापासून दुसरं ते चौथं पान, झाडाच्या चारही बाजूंनी, वरच्या ओळींचा वेगळा आणि नाल्याच्या ओळीचा वेगळा. आधी साबणाच्या पाण्यात, मग अगदी सौम्य आम्लात, मग स्वच्छ पाण्यात धुतली. या वेळी वरच्या ओळींचं मँगनीज 20 पीपीएमच्या आसपास आलं. लिंबूवर्गीय पानात 25 च्या खाली गेलं की कमी समजतात. नाल्याच्या ओळीचं आरामात वर होतं.

25 पीपीएम म्हणजे किलोभर सुक्या पानांत 25 मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी बाग अडली होती.

लोहाचा भाग इथे जुळला. काउंटरवरच्या निदानाने नुसता पैसाच गेला असं नाही, चुनखडीच्या जमिनीत असं चिलेटेड आयर्न जास्त दिलं की मुळांकडून मँगनीज घेणं कमी होतं, हे दुसऱ्या पिकांत चांगलं माहीत आहे. उन्हाळ्यात फिकी असलेली बाग पावसाळ्यात आणखी का बिघडली याचं निम्मं उत्तर मला त्यात दिसतं. निम्मंच म्हणतो, कारण पक्कं सांगायला लोह न दिलेली एक ओळ शिल्लक पाहिजे होती, ती नव्हती.

एवढं झालं तरी मला सगळ्या बागेवर फवारा मारायचा नव्हता. आधी ब्रशचा प्रयोग केला, आणि या प्रकरणातून कुणी एकच गोष्ट उचलायची तर ही उचला, खर्च नगण्य आहे. चार बाटल्या घेतल्या. एकीत लोहाचं सल्फेट, एकीत झिंक सल्फेट, एकीत मँगनीज सल्फेट, प्रत्येकी लिटरला तीनेक ग्रॅमच्या मापाने, आणि चौथीत नुसतं पाणी. चारींत शाम्पूचा एकेक थेंब, नाहीतर संत्र्याच्या तुळतुळीत पानावरून पाणी ओघळून जातं. रंगाच्या दुकानातला अर्ध्या इंचाचा ब्रश. एकाच झाडाच्या उत्तर अंगाच्या चार फांद्या निवडल्या, पूर्ण वाढलेली पण अजून कोवळी पानं असलेल्या, आणि पानाच्या खालून-वरून ब्रश फिरवला. खालून विसरायचं नाही. प्रत्येक फांदीला वेगळ्या रंगाची लोकर बांधली, लाल लोहाला, पांढरी झिंकला, निळी मँगनीजला, काळी पाण्याला. असं पाच-सहा झाडांवर, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. कोणता रंग कशाचा हे काकाजींना मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर ते मला बरं वाटावं म्हणून निळ्याला हिरवं म्हणाले असते.

दोनेक आठवड्यांनी त्यांचाच फोन. "मास्तर, निळ्या धाग्यात काय होतं बाप्पा? त्या पानाईचा रंग भरून राह्यला." जाऊन पाहिलं तर खरंच, निळ्या लोकरीच्या फांद्यांवर शिरांमधली पोपटी जागा भरत आली होती. पांढऱ्या आणि काळ्यात काही फरक नाही. लालमध्ये एका झाडावर थोडे तांबूस डाग, लोहाने पान भाजलं होतं. जवळून पाहिलं तर गंमत अशी की निळ्या फांदीवर जिथे ब्रश नीट फिरला नव्हता तिथे पानाचा तेवढाच तुकडा फिका राहिला होता, हिरव्या पानावर ब्रशच्या फटकाऱ्याची कड स्पष्ट दिसत होती. मँगनीज पानात लागलं तिथून फार हलत नाही.

आणि मग काकाजींनी तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. "मनसरले डोंगर भरून मँगनीज हाय, रेल्वेच्या रेल्वे भरून बाहीर जाते, काटोल रोडनं नागपूरले जाताना मॉयलची बिल्डिंग लागते, मंग माह्याच झाडाले काहून नाही? दोन ट्रॅक्टर खडी आणून टाकू का?"

हसण्यासारखा प्रश्न नाही हा (मॉयल म्हणजे मँगनीज काढणारी सरकारी कंपनी). नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत खरोखर देशातल्या मोठ्या मँगनीजच्या खाणी आहेत, मनसर, कांद्री, गुमगाव, पलीकडे चिखला, डोंगरी बुजुर्ग. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड तर बॅटरीच्या धंद्यात नावाजलेलं. आणि काकाजींच्या काळ्या मातीतही मँगनीज आहेच, बेसॉल्टपासून बनलेली माती ती. पण मूळ मँगनीज उचलतं ते पाण्यात विरघळलेल्या रूपात, दोन धन भाराचं. खाणीतलं काळं खनिज बहुतेक तीन-चार भाराचं ऑक्साइड, ते पाण्यात विरघळत नाही, दहा ट्रॅक्टर टाकले तरी मुळाच्या दृष्टीने दगड. आणि सामू 8 च्या वर, हवा खेळती, चुना भरपूर अशा जमिनीत दोन भाराचं मँगनीज टाकलं तरी त्याचं पुन्हा ऑक्साइड होतं, सूक्ष्मजीव त्याला मदतच करतात. सामू एका अंकाने चढला की विरघळलेलं मँगनीज साधारण शंभरपटीने उतरतं असा हिशोब आहे. म्हणून सल्फेट जमिनीत टाकणं म्हणजे काकाजींच्या पैशाने मनसरचा डोंगर बांधणं.

नाल्याकाठची ओळ याच्या नेमकी उलटी. पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, मग तिथले जिवाणू श्वासाला ऑक्सिजनऐवजी मँगनीजचं ऑक्साइड वापरतात आणि ते पुन्हा दोन भाराचं होऊन विरघळतं. त्या ओळीला दर पावसाळ्यात फुकटचा डोस मिळत होता. हे ऐकून काकाजी म्हणाले मग सगळीकडेच पाणी तुंबवू, तो बेत मात्र हाणून पाडला, मँगनीज मिळेल पण मुळं सडतील.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. मँगनीज दोनावरून तीन-चार भारावर नेणं, म्हणजे जी गोष्ट चुनखडीच्या मातीत घडली की मँगनीज हातचं जातं, तीच पान मुद्दाम करतं. पुंजका जुळवताना फोटोसिस्टिम दोन भाराचं मँगनीज पकडते आणि प्रकाशाच्याच जोरावर त्याला वर चढवून, प्रोटीनच्या खोबणीत कॅल्शियमसोबत पक्कं बसवते. अंधारात हे जुळत नाही. पाणी फोडायचं हत्यारसुद्धा ऊनच घडवतं.

पुढचं उरकतो. हस्त बहाराची (सप्टेंबर-ऑक्टोबरातली) पालवी निघाली, पानं दोन-तृतीयांश वाढली तेव्हा पूर्ण बागेवर मँगनीज सल्फेट मारलं, लिटरला चारेक ग्रॅम, सोबत चुन्याची निवळी, म्हणजे पान भाजत नाही. मॅन्कोझेबसोबत एकाच टाकीत नको म्हटलं, दुसरं काही नाही तरी पुढच्या तपासणीत घोळ नको. लोह बंद. ती पालवी हिरवी निघाली आणि टिकली. फळांवर किती फरक पडला ते मी सांगणार नाही, त्या वर्षी पाऊसही वेगळा होता आणि काकाजींनी शेणखतही दुप्पट टाकलं होतं, श्रेय कुणाला देणार?

हा उपाय कायमचा नाही, एवढं त्यांना स्पष्ट सांगितलं. पानातलं मँगनीज नव्या पानात जवळजवळ जात नाही, त्यामुळे अंबियाची पालवी आली की परत नक्षी दिसणार आणि परत फवारावं लागणार. झालंही तसंच, जानेवारीच्या शेवटी ताण तोडल्यावर, म्हणजे बंद ठेवलेलं पाणी परत सुरू केल्यावर आलेली पानं परत पोपटी, या वेळी काकाजींनी स्वतःच दुमडून पाहिली आणि फोन न करता फवारा मारला. मुळातून सामू उतरवायला गंधक, शेणखत, ठिबकमधून आम्ल अशा गोष्टी चालू आहेत, पण चुना इतका आहे की वर्षानुवर्षं लागतील, आणि पुढची लागवड करताना खुंट वेगळा घ्यायचा का यावर बापलेकांचं अजून एकमत नाही.

वरच्या बांधाजवळची दोन झाडं मात्र ब्रशलाही दाद देईनात आणि फवाऱ्यालाही. त्यांच्या पानांच्या शिरा पिवळ्या होत्या, बुंध्याची माती सरकवली तर खाली डिंक ओघळलेला. ते प्रकरण डिंक्याचं, मँगनीजशी त्याचा संबंध नाही. साल खरवडून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली आहे, एक झाड सावरेल असं दिसतं, दुसऱ्याचं काकाजींनी आधीच ठरवलंय.